राहून गेलेले कोपरे

६ ऑक्टोबर, रविवार

पडद्यांच्या मापाची ही वही अर्धी कोरी उरली होती. दुकान गेल्या महिन्यात बंद केलं, म्हणून वही कशाला वाया घालवायची? आधीच्या पानांवर लोकांच्या खिडक्यांची लांबी-रुंदी आहे, इथून पुढे माझं डोकं.

हिंगणघाटात बावीस वर्षं आम्ही पडदे शिवून विकले. आता लोक मोबाईलवर बोट दाबतात आणि तयार पडदा घरी येतो. दोन इंच आखूड असला तरी त्यांना चालतो, आमचं दुकान मात्र चाललं नाही. मापं घ्यायला घरोघरी जाताना एक गोष्ट मी बघून ठेवली होती. पडदा कितीही भारी असू दे, मागची काच बघवत नाही. जिनिंगमधून उडालेली रुई, कूलरच्या खाऱ्या पाण्याचे ओघळ, कोळ्यांची जाळी. बायका फरशी दिवसातून दोनदा पुसतात आणि खिडकीला वर्षातून एकदा हात लावतात, तोही पोचेल तिथपर्यंत. म्हणून ठरवलं, खिडक्या पुसायचं काम घ्यायचं. घरोघरी जाऊन, शिडी घेऊन, रीतसर.

हे, म्हणजे गजेंद्र, माझे यजमान (वहीत तरी नाव लिहायला काय हरकत आहे), ऐकून म्हणाले, "लोकं काय म्हणतीन? मोतीलालसेठचा पोरगा शिडी घेऊन फिरून राह्यला म्हणतीन."

"घरी बसून राह्यला म्हणतीन, त्याच्यापेक्षा तं बरं न."

संध्याकाळी हेच गुपचूप जाऊन ॲल्युमिनियमची शिडी बघून आले. यांचं असंच आहे. नाही म्हणायचं तर तोंडाने म्हणतात, हो म्हणायचं तर पायाने.

९ ऑक्टोबर

पहिलं काम झालं. बंडूजी मास्तरांचा बंगला, अकरा खिडक्या.

कामाची रीत आपोआप बसली. हे बाहेरून शिडीवर, मी आतून स्टुलावर, एकाच काचेला दोघं दोन बाजूंनी. आधी साबणाचं पाणी, मग वायपर, मग कोरडं फडकं. एवढं करून एखादा डाग राहतोच आणि तो आतला की बाहेरचा ते समजत नाही. माझ्या बाजूने घासून गेला नाही तर मी त्यावर बोट ठेवून टकटक करायची आणि यांनी बाहेरून तेवढंच पुसायचं. यांना दिसला तर यांनी टकटक करायची. बोलायचं काम नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा आमचे तीन तास भांडणाशिवाय गेले. मध्ये काच होती म्हणून असेल.

मास्तरीणबाई खूश झाल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "कोपऱ्यायले जराशीक राह्यलं वाटते."

राहिलंच होतं, आणि बाहेरच्या बाजूचं. मी आतून कोपऱ्यात बोट आपटत होते आणि हे मधल्या भागावर फडकं फिरवत होते. पहिला दिवस आहे, बसेल हात.

१५ ऑक्टोबर

दसरा झाला आणि फोन सुरू झाले. दिवाळीआधी सगळ्यांना एकदमच काचा आठवतात. आज दोन घरं, उद्या तीन. खांदे भरून आलेत, पण मजा वाटते आहे. हे मात्र कुरकुरतात. जो माणूस बावीस वर्षं गल्ल्यावर बसला त्याला शिडी चढायला लावलं, कुरकुरणारच.

यांचे डोळे लाल झालेत. कापूस बाजारात आला, जिनिंग चालू झाल्या, की हवेत रुईचे तंतू आणि यांच्या डोळ्यांना खाज. आता तर दिवसभर तेच तंतू झटकायचं काम. तीन वर्षांपूर्वी वर्ध्याच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब लिहून दिले होते. इतका गुण आला की मी ती चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून जपून ठेवली. तेव्हापासून चौकातल्या मेडिकलवाल्या भैयाजींकडून तेच आणते. बंद केले की खाज परत येते, म्हणून बंद करत नाही. आज भैयाजींनी दोन बाटल्या दिल्या, म्हणाले, "सीझन हाय, राहू द्या घरात."

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की हे पलंगावर आडवे होतात आणि डोकं माझ्या मांडीवर ठेवतात. आधी उजव्या डोळ्यात थेंब, मग डाव्या. "थंड वाटते," म्हणतात. दिवसभरात तेवढीच दोन मिनिटं आम्ही एकमेकांवर ओरडत नाही.

२४ ऑक्टोबर

आज माझा तोल गेला. गिऱ्हाइकाच्या अंगणात सुनेने सकाळपासून बसून रांगोळी काढली होती, दाराएवढी मोठी. हे शिडीवरून उतरले, वळले आणि शेजारीच ठेवलेल्या बादलीला लाथ बसली. साबणाचं सगळं पाणी रांगोळीवर.

"डोळे काय खिशात ठेवता का तुमी?" सगळ्यांसमोर ओरडले मी.

हे खाली बसून फडक्याने पाणी टिपायला लागले, तर रंग आणखी पसरले. त्या सुनेलाच यांची दया आली. ती म्हणाली, "राहू द्या जी काका, मी काढतो परत."

बादली यांनी स्वतःच ठेवली होती तिथे. कामात मन नाही, दुसरं काय? नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथे तर दुसऱ्याचं अंगण.

६ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली. सतरा घरं केली. सतरापैकी नऊ घरांतून कोपऱ्यांची तक्रार, आणि नवल म्हणजे सगळी बाहेरच्या बाजूची. माझ्या बाजूची एकही नाही. हे मी यांना सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं.

अलीकडे दाराच्या चौकटीला खांदा आपटतात. परवा चहाचा कप डाव्या हाताला ठेवलेला, यांनी कोपराने पाडला. काल पाहुण्याने हात पुढे केला तर यांनी हात दिलाच नाही, तो बिचारा ओशाळला. माझ्या मनात नाही नाही ते आलं. हे झोपलेले असताना जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला. कसलाही वास नाही. बरं वाटायला हवं होतं, उलट रागच आला. प्यायले असते तर निदान कारण तरी सापडलं असतं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

रुख्मिणीकाकूंच्या घरून बोलावणं आलं. किराण्याच्या ठोक व्यापारातलं जुनं घर, नव्याने बांधलेलं, अडतीस खिडक्या. असं एक घर मिळालं की वर्षभर तोंडी जाहिरात होते. मी यांना घरूनच बजावून नेलं होतं की आज कोपरे सोडायचे नाहीत.

दुपारी ऊन पश्चिमेच्या काचांवर आलं आणि काकूंनी मला हाक मारली. प्रत्येक काचेच्या मध्ये भाकरीएवढा गोल लखलखत होता आणि भोवती सगळं धुरकट. एक काच नाही, ओळीने आठ काचा. कुणी मापून काढावे तसे गोल.

मला वाटलं काकू चिडतील. चिडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "प्रेरणा, याचे डोळे दाखवून घे वं माय. आमच्या घरचे शेवटी शेवटी असंच मंधातलं मंधातलं पाह्यत होते. ताटातली भाजी दिसे, बाजूची चटणी नाई दिसे."

काकूंचे यजमान आंधळे होऊन गेले, हे सगळ्या गावाला माहीत आहे. माझ्या अंगावर काटा आला आणि तो रागात बाहेर पडला. "काकू, नाट नका लावू. काम पसंत नसन तं तसं सांगा."

"मी काऊन नाट लावीन वं?"

मी सामान आवरलं. सोळा खिडक्या राहिल्या. बाहेर आल्यावर यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काई नाई, त्यायले तुमचं काम नाई आवडलं." घरी आल्यावर यांना पेपर दिला आणि वाचायला लावला. बारीक अक्षरातल्या जाहिरातीसुद्धा घडाघडा वाचल्या. आंधळा माणूस निविदा सूचना वाचतो का? काकूंचं वय झालं आहे.

११ डिसेंबर

हे पडले. फार उंचावरून नाही, शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून. खालची पायरी आहे समजून पाय टाकला आणि ती नव्हती. उजव्या मनगटाला प्लास्टर, दीड महिना.

पडल्यावर ओरडलेसुद्धा नाहीत. जमिनीवर बसून शिडीकडे बघत होते. मी विचारलं, "लय दुखून राह्यलं का?" तर म्हणाले, "पायरी होती तिथं. मले दिसली होती."

आज मी एकही टोमणा मारला नाही. मारायचाच नाही असं ठरवून गप्प बसायला किती कष्ट पडतात, ते मलाच माहीत.

१८ डिसेंबर

आता मी बाहेर शिडीवर आणि हे आत, डाव्या हाताने जमेल तेवढं. आज एक विचित्र गोष्ट झाली, ती नीट लिहून ठेवते.

मी बाहेरून काचेच्या वरच्या कोपऱ्यात बोट ठेवून टकटक केली. हे आत समोरच उभे होते, हातभर अंतरावर. टकटक ऐकली, पण बोट दिसलं नाही. कोंबडीसारखी मान इकडे वळव, तिकडे वळव. बोट शोधत होते. इतके दिवस ते शिडीवर असायचे, माझं लक्ष काचेकडे असायचं, म्हणून मी यांचा चेहरा कधी बघितला नव्हता. घाबरलेला चेहरा होता. हरवलेलं मूल बाजारात आईला शोधताना करतं तसा.

मी बोट काचेवरून हळूहळू मध्ये सरकवत आणलं. अर्ध्यावर आलं तरी दिसलं नाही. अगदी नाकासमोर आलं तेव्हा हसले आणि फडकं उचललं.

मग मी दुसऱ्या बाजूने करून बघितलं. खालून करून बघितलं. सगळीकडून तेच. यांना वाटलं मी गंमत करते आहे. "काय पोरखेळ लावला?" म्हणाले.

काचेवर ऊन होतं. उन्हामुळेही असेल.

१९ डिसेंबर

उन्हामुळे नाही. आज सावलीतली खिडकी होती.

यांना म्हटलं, वर्ध्याला जाऊन डोळे दाखवून येऊ. ऐकलं नाही. "पेपर वाचतो मी. तूच तं वाचून घेतला. हात बरा होऊ दे, मंग पाहू." एका हातावर प्लास्टर घेऊन एसटीत चढवायचं म्हणजे खरंच कठीण. प्लास्टर निघालं की जाऊ.

तोवर घरच्या घरी होईल ते करायचं. डोळ्यांकडे आपलंच दुर्लक्ष झालं. थेंब फक्त संध्याकाळी टाकत होते, आजपासून सकाळीही टाकते. भैयाजींकडून आणखी दोन बाटल्या आणल्या. लाली तर चार दिवसांत जाईल, मग बघू.

१६ जानेवारी

लाली गेली. डोळे कसे पांढरेशुभ्र दिसतात. मी यांना आरसा दाखवला, तेही खूश.

आज माझं हळदीकुंकू झालं. वाण म्हणून काच पुसायची पिवळी फडकी लुटली, कोपऱ्यात आपला फोन नंबर छापून घेतलेली. शेजारची वर्षाली म्हणाली, "काकू, हे वाण हाय का जाहिरात?" मी म्हटलं, दोन्ही. बायका पोट धरून हसल्या. रुख्मिणीकाकूंना बोलावलं नव्हतं. बोलवायला हवं होतं असं दिवसभर वाटत राहिलं.

२४ जानेवारी

प्लास्टर निघून दोन दिवस झाले. यांनी हट्टाने गाडी काढली, मी मागे बसले. नांदगावच्या रस्त्याला डावीकडून एक सायकलवाला आला. चांगला लांबून येत होता, मला मागून दिसत होता. मला वाटलं आता ब्रेक लावतील, आता लावतील. लावलाच नाही. मी पाठीत बुक्की मारून ओरडले तेव्हा गाडी वळवली आणि आम्ही बाजूच्या तुरीत जाऊन पडलो. सायकलवाला शिव्या देत निघून गेला. कुणाला लागलं नाही.

हे शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसले. मग म्हणाले, "प्रेरणा, मले तो आलाच नाई दिसला. नव्हताच तो. एकदम समोर झाला."

गाडी मी चालवत आणली. सोमवारी जायचं, कुणाचंही ऐकायचं नाही.

२७ जानेवारी, सोमवार

सकाळी सातच्या एसटीने वर्ध्याला गेलो. मोठं हॉस्पिटल, लांब रांग. यांना एका डब्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. आत कुठे ना कुठे बारीक दिवा लागतो, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी बाजूला उभी होते. यंत्रावर दिवे लागल्याचं पडद्यावर कळत होतं आणि यांचा अंगठा हलत नव्हता. मनात म्हणत होते, दाबा हो, दाबा. एकदा तर मीच हळूच "आता" म्हटलं. तिथली मुलगी माझ्यावर रागावली.

मग यांच्या डोळ्यात औषध घालून बाहेर बाकावर बसवलं, डोळे मिटून. मला एकटीला आत बोलावलं. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीपेक्षा, अंजूपेक्षा चारपाच वर्षांनीच मोठी असेल. काचबिंदू म्हणाली. मी म्हटलं, मग ऑपरेशन करून टाका, माझ्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं झालं होतं, आठ दिवसांत पोथी वाचायला लागले. ती म्हणाली, ते वेगळं. यात डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस वाळत जाते, कडेपासून आतपर्यंत. जेवढी नजर गेली ती परत येत नाही. ऑपरेशननेही नाही.

मग विचारलं, "डोळ्यात काही औषध टाकता का?"

मी पिशवीतून बाटली काढली. कसं सांगू, अभिमानाने काढली. म्हटलं, "तीन वर्षं झाली. एक दिवस खाडा नाही. आता तर महिनाभर दोन वेळा टाकते."

तिने बाटली हातात घेतली, फिरवून वाचली आणि टेबलावर ठेवली. पाणी दिलं मला. मग म्हणाली, याने खाज जाते, लाली जाते, पण हे पंधरा दिवसांचं औषध आहे. जास्त दिवस टाकलं तर काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि दुखत काहीच नाही, म्हणून कळत नाही. तुम्ही मुद्दाम केलं नाही, असंही म्हणाली.

बाहेर आले. हे बाकावर डोळे मिटून बसले होते. माझी चाहूल लागली तशी जागा करून सरकले, चुकीच्या बाजूला.

"काय म्हणते?"

"काचबिंदू म्हणते. नवीन थेंब देल्ले. हाय तेवढी नजर टिकन म्हणते."

बाकीचं सांगितलं नाही.

३० जानेवारी

कामाचे तीन फोन आले. नाही म्हणून सांगितलं.

नवे थेंब झोंबतात. हे म्हणतात, "हे नको वं, आपले जुने बरे होते, थंड लागे त्यायनं." मी सांगितलं, भैयाजींकडे संपले. कपाटात दोन बाटल्या होत्या, त्या मोरीत रिकाम्या केल्या. वास नाही, रंग नाही, पाण्यासारखं वाहून गेलं.

अंजूला फोनवर अर्धंच सांगितलं. नागपूरहून यायचं म्हणत होती, परीक्षा आहे म्हणून थांबवलं. खरं कारण ते नाही. ती हुशार आहे, चार प्रश्न विचारेल.

२ फेब्रुवारी

भैयाजींशी भांडायला गेले. चांगलं तोंड भरून शिव्या द्यायच्या असं ठरवून गेले होते. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत थांबले. मग सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. काउंटरवर दोन्ही हात टेकवून उभे राहिले.

"वहिनी, मी पह्यल्या वर्षी विचारलं होतं तुमाले. डॉक्टरले परत दाखवलं का म्हणून. तुमी हो म्हणल्या होत्या."

विचारलं होतं. मला आठवतं. दुकानात गर्दी होती, घरी कुकर लावून आले होते. हो म्हटलं की बाटली लवकर मिळते, म्हणून हो म्हटलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारायला हवं होतं, ही एक गोष्ट धरून मी घरापर्यंत आले. घरी आल्यावर तीही हातात राहिली नाही.

५ फेब्रुवारी

सांगायचं ठरवून दोनदा यांच्याजवळ जाऊन बसले. पहिल्यांदा म्हणाले, "चहा ठेव न." ठेवला. दुसऱ्यांदा मीच म्हटलं, "जेवता का?"

मी आयुष्यात कुणालाही तोंडावर बोलायला घाबरले नाही. सासऱ्यांना नाही, गिऱ्हाइकांना नाही. यांना तर नाहीच. आणि आता चार शब्द निघत नाहीत.

आज यांनी जेवताना ताटात चाचपून लोणचं शोधलं. दिसत नाही असं म्हणत नाहीत. मी लोणचं मध्ये ठेवायला लागले आहे, भाताच्या बाजूला. यांना कळलं आहे की नाही, ठाऊक नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मीच ते बदलून टाकीन.

चार वाजता जयवंता आली. मागच्या गल्लीत राहते, जिनिंगमध्ये कापूस निवडायला जाते. सोबत तिची अंकिता होती, नऊ वर्षांची, आईबरोबर ढिगावर जाऊन बसते. पोरीचे डोळे लालभडक, हाताने चोळत होती. हे ओसरीत खुर्चीवर बसले होते. मी आत कणीक मळत होते, बोलणं सगळं ऐकू येत होतं.

जयवंता म्हणाली, "भाऊ, पोरगी रातभर डोळे चोळून राह्यली. तुमचेबी असेच होत होते न, काय टाकता तुमी?"

आणि हे सांगायला लागले. इतक्या आपुलकीने सांगायला लागले. "भैयाजीकडे जाजो, माह्यं नाव सांगजो. हिरव्या झाकणाचे थेंब मागजो. एका दिवसात गुण येते. मले पाह्य, काचबिंदू झाला, तरी एवढं दिसून राह्यलं. कोणाच्यानं? तीन वर्षं प्रेरणानं रोज ते थेंब टाकले म्हणून. तिनं नसते टाकले न, तं मी आज भिंतीले हात लावत चाललो असतो. डॉक्टरीन काई बोलली नाई, पण मले मालूम हाय."

मी कणकीच्या हाताने बाहेर आले. "नको," म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं की पोरगी आईच्या मागे गेली.

मग बोलले. उभ्यानेच बोलले. जयवंताकडे बघून बोलले, यांच्याकडे बघवेना. ते थेंब पंधरा दिवसांचे होते. मी तीन वर्षं टाकले. त्यानेच दाब वाढला. यांचे डोळे रुईने नाही गेले, माझ्या हाताने गेले. पोरीला थंड पाण्याने डोळे धुवायला लाव, ढिगावर नेऊ नको, उद्या वर्ध्याला ने, मी येते सोबत, पण ते थेंब टाकू नको.

जयवंताने माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे. "बरं जी," म्हणाली आणि पोरीचा हात धरून निघाली. दारात थांबून म्हणाली, "सकायी सातची एसटी न?" मी मान हलवली.

ओसरीत आम्ही दोघंच राहिलो. माझ्या हातावरची कणीक सुकायला लागली होती. हे समोर बघत होते, जिथे मी नव्हते तिथे.

"कवापासून मालूम तुले?"

"वर्ध्याले गेलतो तवापासून. अकरा दिवस."

मी वाट बघितली. ओरडतील, काहीतरी फेकतील. मी यांच्या जागी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. हे उठले, भिंतीला हात लावत आत गेले आणि पलंगावर बसले. बस्स.

मी पोळ्या केल्या. कुणी जेवणार नव्हतं, तरी केल्या.

सात वाजता देवापुढे दिवा लावला. नवी बाटली घेऊन आत गेले. जावं की नाही, कळत नव्हतं, पण वेळ चुकवून चालणार नव्हतं. हे रोजच्यासारखे आडवे झाले, डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. मी झाकण काढलं, बाटली वर धरली, तसे यांचे डोळे मिटले. घट्ट मिटले.

"उघडा न जी," मी म्हटलं.

"मी नाई मिटून राह्यलो," हे म्हणाले. "आपोआप मिटून राह्यले."

उघडायचा प्रयत्न केला. पापण्या थरथरल्या, उघडल्या, माझा हात जवळ आला की पुन्हा मिटल्या. तीनदा तसंच झालं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी केलं असतं, पाया पडले असते. हे स्वतःच गोंधळले होते, आपलंच अंग आपलं ऐकत नाही म्हणून. मी बाटली खाली ठेवली आणि म्हटलं, "राहू द्या. भैयाजीच्या पोराले बोलावतो. नाई तं उद्यापासून सिस्टरकडे जाऊ."

"थांब."

यांनी दोन्ही हात वर आणले. एका हाताने वरची पापणी ओढली, दुसऱ्याने खालची. बोटांनी डोळा ताणून धरला, बुबुळाभोवतीचा सगळा पांढरा भाग दिसेपर्यंत. डोळा माझ्याकडे बघत होता. त्याला मी किती दिसत होते, देव जाणे.

"टाक," म्हणाले.

एक थेंब टाकला. झोंबला असणार, पण बोटं हलली नाहीत. मग यांनी दुसरा डोळा तसाच उघडून धरला.